गुरुवारचा खड्डा

रविवार, चौदा जुलै, दुपार. कुवेंपुनगर, तुमचं घर, बाराव्याचं जेवण. हजर: सरोजावैनी, तुमचे धाकटे भाऊ एम. तुकोजीराव, बंगळूरहून पहाटेच्या बसने आलेला तुमचा विद्यार्थी आर. एन. सुरेश, कॉलेजच्या ऑफिसातून बी. एस. लता, गल्लीतली चार घरं, महादेवम्मा, आणि मी, व्ही. शारदा.

ही हजेरी मी पानांच्या अंदाजासाठी घेतली होती, अण्णा. पानं पुरली. खुर्च्या परत गेल्या. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती निघाल्या. पेन्शनचं, बँकेचं आणि गॅसचं अशी तीन पाकिटं करून वैनींच्या कपाटात ठेवली. बारा दिवस मी याद्यांवर काढले. हातात यादी असली की रडू येत नाही, हे मला आईच्या वेळीच कळलं होतं. संध्याकाळी घरी येऊन यादी उघडली तर एकच ओळ उरली होती: निळी वही. ती तुमच्याशी बोलल्याशिवाय पुरी होत नाही, म्हणून हे लिहायला बसले. दमले आहे, पण बसले.

जेवणं झाल्यावर वैनींनी तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हातात दिली. "सुरेशला हवी आहे. पण आधी तू बघ गं, त्यांचं अक्षर तुलाच लागतं." सुरेश शेजारीच उभा होता. तो तुमच्या कामाची पुस्तिका करून कॉलेजात ठेवणार आहे, नव्या मुलांनी वाचावी म्हणून. म्हणाला, "मॅडम, सगळं उत्तम जमलंय. फक्त तो गुरुवार. सरांनाही त्याचं कारण सापडलं नाही. मी प्रस्तावनेत लिहून टाकतो, की ही पद्धत कधी कधी अकारण ढासळते."

अकारण म्हणाला तो. मी वही पिशवीत घातली. "शनिवारी वही देते," म्हणाले आणि ताटं उचलायला गेले.

तुम्हाला ते दिवस सांगायची गरज नाही, पण मला ते एकदा ओळीने मांडायचे आहेत. कॉलेजला बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन तेव्हा एकच होती, आणि तीही केसासारखी बारीक. सकाळी दहाला सगळी लॅब एकदम बसायची आणि सगळ्यांचंच अडकायचं. कुणी सिनेमातली गाणी उतरवतोय, कुणाला परदेशी विद्यापीठाचा अर्ज पाठवायचाय, आणि लाइनला दोघं सारखेच. प्रिन्सिपॉल म्हणाले, तास वाटून द्या. तुम्ही म्हणालात, भाव लावा.

पैशांचा नव्हे. प्रत्येकाला आठवड्याची सारखी टोकनं. लाइन मोकळी असली की एका टोकनात पुष्कळ काम होणार, तुंबत आली की तेवढ्याच कामाला चार लागणार, सहा लागणार. भाव दर पाच मिनिटांनी बदलणार आणि तो आधी दिसणार. ज्याला थांबता येतं तो भाव बघून थांबेल, ज्याला येत नाही त्याला जागा होईल. पहिले काही महिने तुमचा प्रोग्राम भाव काढायचा आणि मी तो लॅबच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहायची. मी सव्वीस वर्षांची, तुमच्या लॅबची असिस्टंट, बोटं सतत पांढरी. मुलं जिन्यातूनच ओरडायची, "रेट एष्टु, मॅडम?" आणि मी भाजीवालीसारखी ओरडून रेट सांगायची.

मला तुमची पद्धत पटली नव्हती, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. माझे वडील शिवरामपेठेत शिंपी. दसऱ्याच्या आधी दुकानात गर्दी व्हायची तेव्हा ते भाव वाढवत नसत. शिवायला आलेली कापडं टांगायला भिंतीवर बारा खुंट्या होत्या. अकरा भरल्या की बारावी मोकळी ठेवून ते सांगायचे, "आता दसरा झाल्यावर या." बारावी कुणासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. "ठाऊक नाही. येईल कोणीतरी," म्हणाले. आणि दर वर्षी कुणीतरी यायचंच.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तुमची ती कॉफीची वाटी खाली ठेवलीत.

"खुंटी काय सांगते, शारदा? कोण आधी आला ते. गरज कुणाला आहे ते सांगते का?"

"तुमचा भाव सांगतो?"

"भाव विचारतो. उत्तर ज्याचं त्याने द्यायचं."

"गोकुलमातला ऑटोवालाही भाव विचारतो, अण्णा. योगा शिकायला आलेली गोरी बाई दिसली की दुप्पट."

तुम्ही खूश झालात. वाद रंगला की तुमचे कान लाल व्हायचे आणि 'अगं'चं 'कणे' व्हायचं. "तो माणूस बघून भाव सांगतो कणे! माझा भाव माणूस बघतच नाही, नुसती गर्दी बघतो."

"माणूस बघत नाही, हीच माझी तक्रार आहे."

हा वाद आपण किती ठिकाणी घातला. मॉडेम दुरुस्तीला घेऊन तुमच्या स्कूटरवरून बेळगोळला जाताना, मांडीवर ते खोकं सांभाळत, वाऱ्यात ओरडून घातला. तुकोजीरावांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला भाव लावावा, असं तुम्ही म्हणालात तेव्हा घातला. त्या दिवशी वैनींनी तुम्हाला गप्प केलं होतं. "आता घरच्या गीझरलाही भाव लावतील हे. लावा. मग माझ्या कॉफीचा भाव सकाळी सहाला काय असेल तेही ऐकून ठेवा." तुम्ही हसलात आणि हळूच म्हणालात, "मागणी एकाच माणसाची आहे, भाव वाढायचं कारण नाही." यावर वैनींनी तुम्हाला दोन दिवस कॉफीचं डिकॉक्शन दाखवलं नाही.

आता मुख्य ओळ.

टोकनं वाटायच्या आधी तुम्ही मला सांगितलंत, "जे जे लाइन वापरतील, त्या सगळ्यांची यादी कर." मी लॉगिनच्या रजिस्टरवरून उतरवली. विद्यार्थी, प्राध्यापक, ऑफिस. इनिशियल, नाव, विभाग, सही. तुम्ही ती न तपासताच घेतलीत. "तुझी यादी म्हणजे यादी," म्हणालात. रजिस्टरमध्ये ज्यांचं नाव नव्हतं, ते माझ्या यादीत आले नाहीत. झाडलोट करणारे, पाणी भरणारे, शिपाई. यादी सगळ्यांची मागितली होती. मी लॉगिनवाल्यांची दिली. हा फरक मला तेव्हा दिसलाही नाही.

तिसऱ्या आठवड्यात लॅब झाडणारी महादेवम्मा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात पुसायचं फडकं. तिचा महेश मस्कतला होता, ड्रायव्हर. तिकडे शुक्रवारची सुट्टी, गुरुवारी अर्धा दिवस. दीडला सुटला की तो दुकानात कॅमेऱ्यासमोर बसू शकायचा. दोनला कंपनीची बस निघायची. आपल्याकडचे तीन ते साडेतीन. त्या वेळेला तिची ड्यूटी, बाहेरच्या दुकानात जायचं तर सुट्टी टाकावी लागणार, आणि तिथे मशीनवर इंग्रजीत काय दाबायचं ते तिला येत नव्हतं. दीड वर्ष तिने मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं.

तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमच्या खोलीत बारा पावलांत पोचले असते. "अण्णा, यादीत एक नाव राहिलं" एवढंच म्हणायचं होतं, आणि तुम्ही लगेच टोकनं दिली असतीत, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पण यादी चुकली, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. वर मला वाटलं, मुलगा बोलत असताना ती आई भावाकडे बघत बसणार? मग मी माझ्या टेबलामागची, तुमच्या मोजणीत नसलेली एक जोडणी जुन्या मशीनला लावली आणि दर गुरुवारी तीनला तिला तिथे बसवलं. मनात म्हटलं, ही बारावी खुंटी. तिला मात्र सांगितलं, "सरांनी सोय केली आहे. कुणाला बोलू नका."

पहिल्या गुरुवारी ती पडद्याला हात लावून म्हणाली, "अय्यो, बारीक झालास रे मगा, पोरा माझ्या." चित्र थांबत थांबत येत होतं. महेशचं तोंड उघडं राहायचं, शब्द मागून यायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

आणि त्याच गुरुवारपासून तुमच्या कागदावर खड्डा पडू लागला. आठवडाभर भावाची रेघ कशी शहाण्यासारखी चढायची, उतरायची. गुरुवारी तीनला ती एकदम खाली. भाव सांगतोय लाइन मोकळी आहे, आणि मुलं ओरडतायत की काहीच हलत नाही. तुम्ही भाव चढायचा वेग बदललात. पाच मिनिटांची तीन केलीत. मागच्या तासाचं वजन धरलंत, सोडलंत. निळ्या वहीत पानामागून पान. कडेला तुमच्या बारीक अक्षरात: गुरुवार. का?

एकदा तुम्ही विचारलंतही. "शारदा, एखादं मशीन मोजणीबाहेर राहिलंय का?"

मी म्हणाले, "यादीत आहेत तेवढीच आहेत."

शब्दाने खरं होतं ते. तुम्ही मान हलवलीत आणि चूक स्वतःच्या गणितात शोधायला परत गेलात. माझ्या यादीवर तुमचा तुमच्या गणितापेक्षा जास्त विश्वास होता, अण्णा. हे आठवलं की मला अजून बसवत नाही.

मग तुम्ही ठरवलंत, की गुरुवारी तीनला लॅबमध्ये स्वतः येऊन बसायचं. मी सकाळीच ती जोडणी काढून टाकली. महादेवम्माला म्हणाले, आज मशीन बिघडलं आहे. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत आणि साडेतीनपर्यंत रेघेकडे बघत राहिलात. खड्डा पडला नाही. "बघ की! मी बघायला बसलो की हा लपतो," म्हणून तुम्ही हसलात, पण ते हसणं दमलेलं होतं. तुमच्या मागे महादेवम्मा टेबलं पुसत होती. एकच टेबल तीनदा पुसलं तिने. मस्कतच्या दुकानात महेश अर्धा तास रिकाम्या पडद्यासमोर बसून बसून निघून गेला. त्या अर्ध्या तासात मी तुम्हा दोघांनाही फसवलं, आणि तुम्ही दोघंही माझ्याशी गोड बोललात.

दर शुक्रवारी तुमच्या टेबलावर दोन रसबाळे केळी असायची, आठवतं? महादेवम्मा नंजनगूडकडची. तुम्हाला वाटायचं, देवळाचा प्रसाद असेल. एक तुम्ही खायचात, एक माझ्याकडे सरकवायचात. "घे, तुझ्या अण्णाला साखर वर्ज्य आहे, दोन चालत नाहीत." मी ते केळं खायची. गुरुवारचं कारण शुक्रवारी आपण दोघं सोलून खात होतो, आणि ठाऊक मला एकटीला होतं.

तुम्ही लेख पाठवला नाहीत. मी तीनदा टाइप केला होता, तिन्ही वेळा तुम्ही परत घेतलात. "एक दिवस कळत नाही तोवर सहा दिवसांचं कसं छापू?" दोन वर्षांनी परदेशातल्या लोकांचा तसाच लेख आला. तुम्ही ते मासिक माझ्या टेबलावर आणून ठेवलंत, रेघेवर बोट ठेवलंत. "बघ, यांचा गुरुवार किती सरळ आहे." राग नाही, कडवटपणा नाही. मी म्हणाले, "छान आहे." याहून वाईट वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

मला त्यातलं गणित फार उशिरा कळलं, आणि तेही तुमचीच वही नीट लावताना. महादेवम्माचं चित्र मोजणीत नव्हतं, म्हणून भावाला ते दिसत नव्हतं. लाइन तुंबली की टोकनवाली मुलं कंटाळून उठायची. भाव समजायचा, गर्दी गेली. तो खाली यायचा. खालचा भाव बघून दुसरी मुलं बसायची आणि लाइन आणखी तुंबायची. म्हणजे महेशचा चेहरा अडकत होता तो माझ्यामुळे. तिला टोकनं दिली असती, तर तीनला भाव चढला असता, गाणी उतरवणारे चहाला गेले असते, आणि तिला तो अर्धा तास सलग मिळाला असता. थांबता येत नाही त्याला जागा व्हावी, हेच तर तुम्ही म्हणत होतात. तुमचा भाव माणूस बघत नव्हता हे खरं, पण ते माणूस मीच त्याच्यापासून लपवलं होतं.

बारावी खुंटी बाबा सगळ्यांच्या देखत मोकळी ठेवायचे. ती भिंतीवर होती. माझी टेबलामागे होती. हा फरक मी वीस वर्षं पाहिला नाही. वाद तुम्ही जिंकलात असं मात्र अजून म्हणणार नाही. बाकीच्या शिपायांना तीनला काही अडलं असतं, तर त्यांना सारखी टोकनं पुरली असती का? ज्याला आठवड्यात एकच वेळ मिळते आणि ज्याला सगळा दिवस मिळतो, त्यांना सारखं दिलं म्हणजे सारखं झालं का? हे तुमच्याशी बोलायचं होतं. तुमचे कान लाल झालेले बघायचे होते.

त्या शेवटच्या शनिवारी मी सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही व्हरांड्यात, अंगावर शाल. टॅक्सीच्या ॲपवर चिडला होतात; दवाखान्यातून येताना पावसात दर वाढला म्हणून. मी म्हणाले, "तुमचीच विद्या की." तुम्ही बोट उगारलंत. "माझी नव्हे. यांचा भाव का वाढला ते कुणाला दिसत नाही. मी फळा दाराशी लावला होता. मोजतो ते सगळं उघड, नाहीतर मोजू नये." तुमच्या तोंडून हे ऐकलं आणि मी खुर्ची जवळ ओढली.

"अण्णा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

वैनी कॉफी घेऊन बाहेर आल्या. मी म्हणाले, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा आहे. अंगठा उमटत नाही तुमचा, आधी बघून घेऊ."

"तेवढ्यासाठी आलीस?" म्हणालात. "यादीत लिहून ठेव."

लिहून ठेवलं. बुधवारी तुम्ही गेलात, आणि ती ओळ मी खोडली.

आज महादेवम्मा तुमच्या फोटोपुढे दोन केळी ठेवून बराच वेळ उभी होती. आता गुडघे धरतात तिचे. महेश केव्हाच परत आलाय, नातवंडं शाळेत जातात. वैनींचा हात धरून ती कन्नडात म्हणाली, "अम्मा, या माणसाने मला माझ्या पोराचं तोंड दाखवलं. यजमान मोठे, पण एकदाही बोलून दाखवलं नाही त्यांनी." वैनींना ती कशाबद्दल बोलतेय ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नंतर सांगते." सुरेश शेजारीच होता.

वैनींना उद्या सांगेन. सुरेशला फोन करेन, तो प्रस्तावनेतलं वाक्य काढेल. रागावेल, रागावू दे. महादेवम्मालाही सांगायला हवं, की सोय तुम्ही केली नव्हती, तुम्ही त्याहून चांगली केली असती. ही सगळी कामं होण्यासारखी आहेत.

आत्ता वही समोर आहे. शेवटच्या पानाला माझीच यादी चिकटवलेली, कागद पिवळा पडलाय. तुम्ही "का?" लिहिलंत, त्याच्यासमोर मी पेनने लिहिलं: मोजणीबाहेर एक मशीन, दर गुरुवारी तीन ते साडेतीन, जोडणी व्ही. शारदा यांनी केलेली. मग यादीच्या तळाशी गेले. खालची ओळ रिकामी होती, तिथे वापरणाऱ्याचं नाव घालायला. पहिला रकाना इनिशियलचा. गावाचं अक्षर, वडिलांचं अक्षर. सगळ्यांचं आहे. दुपारच्या हजेरीतही तुकोजीरावांचं, सुरेशचं, लताचं, माझं आहे.

महादेवम्माचं मला माहीत नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. रकाना तसाच आहे; तिला विचारायचं राहिलं आहे.